न घेतलेला नमस्कार

सल्ला देणं मला लहानपणापासून जमायचं. नाशिकरोडला आमच्या वाड्यात नळावरची भांडणं असोत की पोरांची, "तिला विचारा, ती समजूतदार आहे" असं म्हणून मला पुढे करत. पुढे शिक्षिका झाले, समुपदेशनाची पदविका घेतली, आणि शाळेने जिन्याखालची एक खोली, एक टेबल आणि दोन खुर्च्या देऊन मला समुपदेशक केलं. तेव्हा समुपदेशकाची पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नसे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागायची. आमच्यासारख्यांना विचारणारं कुणी नव्हतं. मूल आलं की मी त्याला अभ्यासाचं वेळापत्रक आखून द्यायची, आईला "ओरडू नका" आणि वडिलांना "वेळ द्या" म्हणायची. "आई-बाबा तुझ्यासाठी किती करतात, त्यांचा विचार कर" हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येकाला. मंडळी आभार मानून जात आणि पुन्हा येत नसत. पुन्हा न येणं म्हणजे बरं होणं, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब ज्यांनी मोडला त्यांना आम्ही सगळे नुसतं बाई म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्याकडे उपचार घेतलेली माणसं आजही आहेत, आणि आपल्याविषयीचं काहीबाही त्यांच्या कानावर जाऊ नये याबाबत बाई फार काटेकोर होत्या. मनोविश्लेषण शिकलेल्या काही ज्येष्ठांनी मुंबईत शिक्षक, समाजकार्यकर्ते, परिचारिका अशांसाठी सायकोडायनॅमिक समुपदेशनाचं शिक्षण सुरू केलं होतं. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून मी गेले. आपल्याला येतंच आहे, एक प्रमाणपत्र वाढेल, ही भावना. बाई तिथेच शिकवत. पहिल्या केस-चर्चेत मी एका मुलीबद्दल नीट अक्षरात लिहिलेली पानं वाचून दाखवली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलगी काय म्हणाली?"

मी पानं चाळली. मुलीचं एकच वाक्य सापडलं : ‘हो मॅडम.’

बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी मुलगी काय बोलते, कधी गप्प होते आणि ती गप्प झाल्यावर तुमच्या पोटात काय होतं, एवढंच लिहून आणा, म्हणाल्या. माझ्या पोटात काय होतं याचा मुलीशी काय संबंध, हे मला कळलं नाही. ते कळायला जो काळ गेला, त्यालाच या विद्येत शिक्षण म्हणतात.

या विद्येचं ढोबळ सूत्र असं. माणूस आज जसा वागतो त्यामागे त्याची जुनी नाती, गिळलेले राग, नाकारलेल्या इच्छा काम करत असतात. आणि त्याच गोष्टी समुपदेशकासमोर, समुपदेशकाशी असलेल्या नात्यात, पुन्हा उभ्या राहतात. तिथे त्या बघता येतात. पण बघणाऱ्याची स्वतःची जुनी नाती मध्ये आली तर त्याला भलतंच दिसणार. म्हणून १९२० मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या उपचार केंद्रात मॅक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिक्षणाची जी घडी बसवली, तिचे तीन भाग आजही जगभर चालतात. पुस्तकांचा अभ्यास. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, म्हणजे सुपरव्हिजनमध्ये, घेतलेल्या केसेस. आणि शिकणाऱ्याने स्वतः घेतलेले उपचार. हा तिसरा भाग ऐकून मी दचकले होते. मला कुठे काय झालंय? माझ्या स्वतःच्या उपचारांबद्दल मी इथे फारसं लिहिणार नाही, ते ज्यांनी केले त्या बाई नव्हेत. ऋण त्यांचंही आहे, पण ते त्या खोलीतच राहू द्यावं.

आठवड्याची सुट्टी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये जाऊ लागली. नाशिकरोडला सकाळी गाडी पकडायची, दादरला उतरायचं, थेरपी, दुपारी सुपरव्हिजन आणि सेमिनार, संध्याकाळच्या पंचवटीने परत. पासहोल्डरांच्या डब्यात वाढदिवस साजरे होत, हळदीकुंकू होई, भाज्या निवडल्या जात. मी खिडकीशी बसून फ्रॉइड वाचायची. परतताना कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून इंजिनं जोडेपर्यंत माझं दिवसभराचं मन ताळ्यावर यायचं, किंवा यायचं नाही. शेजारच्या बायका विचारत, "कसला कोर्स?" मी सांगायची, "ऐकायचा." त्या म्हणत, "त्याला कोर्स कशाला? सासरी राहा." त्यांचंही खोटं नव्हतं.

मी नाशिकची. समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं असं मानतात, ती टाकळी आमच्यापासून लांब नाही. मनाला समोर बसवून चार गोष्टी सांगायच्या, ही रीत माझ्या हाडीमाशी खिळलेली. मनाचे २०५ श्लोक लहानपणी पाठ केलेले. एकदा मी बाईंना थोड्या ताठ्याने म्हटलं, की आमच्याकडे मनाचा अभ्यास फ्रॉइडच्या व्हिएन्नाच्या आधीपासून आहे. निघालं असं, की बाईंना ते श्लोक माझ्याहून जास्त येत होते. "छानच आहेत," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याकडे येणाऱ्या मुलीला ते आधीच कुणीतरी ऐकवलेत. तिला काय म्हणायचंय ते अजून कुणी विचारलेलं नाही."

गुरुपौर्णिमेच्या सुमाराची गोष्ट. सुपरव्हिजन संपलं, मी पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला आणि वाकले. बाईंनी पाय मागे घेतले. "बसा," म्हणाल्या. "हे आज कुठून आलं ते बघू या."

मला अपमान वाटला. घाटात तो अपमान मी घोळवत राहिले. सुशिक्षित मुंबईकर बाई, हिला आपल्या चालीरीतींची लाज वाटते, असं मनात ठरवूनही टाकलं. पुढच्या वेळी मी तो विषय काढला नाही. बाईंनीही नाही, त्यांनी फक्त वाट पाहिली. त्यांची वाट पाहण्याची ताकद विलक्षण होती. शेवटी दुसऱ्याच एका केसविषयी बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं, की आदल्या महिन्यात बाईंनी ऐनवेळी भेट रद्द केली होती आणि मी दादरपर्यंत जाऊन परतले होते. "राग आला असेल," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "छे, तुमचं काम असणार." आणि म्हणताना मलाच ऐकू आलं. तो नमस्कार त्या रागावर घातलेलं पांघरूण होतं. बाईंना माझा आदर नको नव्हता. आदराच्या आड मी जे लपवत होते, ते त्यांना हवं होतं.

इथे काकांबद्दल सांगायला हवं.

मी लहान असताना वडील गेले. आई आणि मी काकांच्या आश्रयाला आलो. काका नोट प्रेसमध्ये होते, म्हणजे १९२८ मध्ये सुरू झालेल्या नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात. देशाच्या नोटा छापायच्या आणि बाहेर पडताना झडती देऊन रिकाम्या हाताने घरी यायचं, अशी ती नोकरी. माणूस सरळ, अबोल. त्यांनी माझ्या वह्या-पुस्तकांपासून कॉलेजच्या फीपर्यंत सगळं केलं, कधी बोलून दाखवलं नाही. चुलत भावंडं दिवाळीला कपड्यांवरून रुसायची. मी म्हणायची, "मला नको, आहे माझ्याकडे." सगळे म्हणत, किती समजूतदार पोर. ही पदवी मी पुढे आयुष्यभर मिरवली.

थेरपीत आणि बाईंसमोर हळूहळू उलगडत गेलं, की समजूतदारपणा हे मी काकांच्या घरात राहण्याचं भाडं म्हणून भरत होते. रागावायचं नाही, मागायचं नाही, जागा कमी व्यापायची. आणि जिन्याखालच्या त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी नकळत काकांच्या घरात राहायला शिकवत होते. ‘ते तुझ्यासाठी किती करतात’ हे वाक्य मूळ माझंच, मला स्वतःला बजावलेलं. हे लक्षात आलं तेव्हा मी बाईंना विचारलं, की इतकी वर्षं त्या मुलांचं मी नुकसान केलं का? त्यांनी धीर दिला नाही की दोषही दिला नाही. "त्यातल्या एखाद्याला पुन्हा यावंसं वाटलं, तर दार उघडं आहे का?" एवढंच विचारलं. मी शाळेशी बोलून माजी विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक दुपार ठेवली. काही आले.

बाईंनी त्या काळात फ्रॉइडचा १९१३ चा एक लेख वाचायला दिला. उपचारांची सुरुवात कशी करावी याविषयीचा. त्यात वेळ आणि फी यांच्याबद्दल त्यांनी अगदी व्यापाऱ्यासारखं स्वच्छ लिहिलं आहे. आपण काही वर्षं रोज एखाददुसरा तास फुकट उपचार करून पाहिले, त्यातून अडथळे कमी होण्याऐवजी वाढले, असं ते सांगतात. आणि तरुण पुरुषांच्या बाबतीत कारण देतात, की कृतज्ञ राहण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांच्यात बंड उभं राहतं, आणि या बंडाचं मूळ बापाशी असलेल्या नात्यात असतं. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात बसून या माणसाने माझ्या नाशिक जिल्ह्याचं वर्णन केलंय असं मला वाटलं. याच फ्रॉइडनी १९१८ मध्ये बुडापेस्टला गरिबांसाठी मोफत उपचारांची बाजू मांडली, आणि बर्लिनचं ते केंद्र त्यातूनच उभं राहिलं. बाई म्हणत, दोन्ही लक्षात ठेवा, सोयीचं एकच उचलू नका.

बाईंनी माझी फी ठरवली ती माझा शाळेचा पगार विचारून. मला ते फार ओशाळवाणं वाटलं. गुरूशी पैशाचं बोलायचं? मी जास्त सांगू लागले तर त्यांनी थांबवलं. पंचवटीचा पास, थेरपीची फी, घरचा खर्च असं कागदावर मांडून, मला न दुखता देता येईल असा आकडा आम्ही काढला. पुढे तो वाढवायची वेळ आली तेव्हाही तसंच बसून बोललो. त्यामुळे एक घडलं, जे मला फार उशिरा कळलं. मी त्यांच्याशी वाद घालू शकले. ज्याची किंमत मोजतोय त्यावर माणूस हक्काने प्रश्न विचारतो. काकांना मी आयुष्यात एकही प्रश्न विचारला नव्हता.

वाद घातलाही. पंजाबी मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांचा १९७३ चा एक निबंध मला सापडला. पाश्चात्त्य थेरपीतल्या दूरस्थ नात्यापेक्षा गुरू-शिष्याचं नातं भारतीय माणसाच्या उपचारांना जास्त मानवेल, असा त्याचा रोख. मी तो विजयी मुद्रेने बाईंपुढे ठेवला. त्यांना तो माहीत होता, आवडतही होता. त्या म्हणाल्या, "यातलं पुष्कळ खरं आहे. आपल्याकडचा माणूस समोरच्याला ताई, दादा, सर केल्याशिवाय मन मोकळं करत नाही. पण मला एक सांगा, चेल्याने गुरूवर चिडायची सोय कुठे ठेवलीय?" आणि मग त्यांनी गिरींद्रशेखर बोसांची गोष्ट सांगितली. कोलकात्यात पारसीबागान लेनमधल्या आपल्या घरी बोसांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. फ्रॉइडना ते कधीच भेटले नाहीत. सगळा व्यवहार पत्रांनी. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला इथून विष्णूची हस्तिदंती मूर्ती गेली. आणि त्याच बोसांनी, माझ्या भारतीय रुग्णांत तुमचा सिद्धांत जसाच्या तसा दिसत नाही, असंही फ्रॉइडना कळवलं. भेट पाठवली, मतभेदही पाठवले. बाईंना बोसांचं हे फार प्रिय होतं. मला वाटतं, आमच्याकडूनही त्यांची तेवढीच अपेक्षा होती.

आता एका मुलाबद्दल. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचं मिळून आणि तपशील बदलून लिहिते आहे. निफाड तालुक्यातला द्राक्षबागाईतदाराचा मुलगा, बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या तयारीला शहरात ठेवलेला. गारपिटीने बाग झोडपली, तरी बापाने कर्ज काढून क्लासची फी भरली. परीक्षेत पोराचा उजवा हात लिहीना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हातात दोष नाही म्हणाले. मी सुपरव्हिजनला केस नेली आणि म्हटलं, त्याला वडिलांच्या कष्टांची जाणीव करून द्यावी असं मला वाटतंय.

"ती त्याला आहे," बाई म्हणाल्या. "तिच्याच वजनाने हात उचलत नाहीये, असं असेल का?"

मी त्याच्यासमोर बसत राहिले. तो फार बोलत नसे. ऑक्टोबरात एकदम येईनासा झाला. बाईंनी विचारलं, मागच्या भेटीत असं काय झालं की तो टाळतोय? मी म्हटलं, "बाई, गोडी छाटणी चालू आहे. बागेत हात कमी पडतात." छाटणी म्हणजे काय, एप्रिलची खरड वेगळी नि ऑक्टोबरची गोडी वेगळी, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि त्या मनापासून हसल्या. "आज मला शिकवलंत. तरी तो आला की विचारा." तो आला, विचारलं. छाटणी होतीच. शिवाय मागच्या भेटीत मी घड्याळाकडे पाहिलं होतं, तेही होतं.

घरच्यांनी मधल्या काळात त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला. घराण्यात कुणी तरुण विहिरीत बुडून गेला होता, त्याचा दोष असणार असं निघालं. मी विज्ञाननिष्ठ, बाईंपुढे हे सांगताना माझ्या स्वरात तुच्छता होती. बाईंनी विचारलं, "त्या तीन दिवसांत काय काय झालं, ते विचारलंत का त्याला?" विचारलं नव्हतं. पुढच्या भेटीत विचारलं आणि एरवी गप्प असणारा मुलगा तासभर बोलला. त्या विधीत गव्हाच्या पिठाचा पुतळा करून त्याच्यावर अंत्यसंस्कार करतात. वडील विधी करत होते, हा शेजारी बसला होता. "तो पुतळा मला बघवेना, आणि नजरही हटेना," तो म्हणाला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग : "मी कर्ज काढायला सांगितलं नव्हतं."

जुनी मी असते तर तिथे बोलले असते. मी गप्प राहिले. पोटात गोळा आला होता. बाईंनी मनोविश्लेषक पॉला हायमानचा १९५० चा निबंध वाचून घेतला होता, समुपदेशकाच्या मनात उठणाऱ्या भावना म्हणजे समोरच्याच्या मनाकडे जायची वाट असू शकते, असं सांगणारा. त्या गोळ्यात थोडं त्याचं होतं, थोडं माझं. कुठलं कोणाचं हे सोडवायला मला पंचवटीचा अख्खा परतीचा प्रवास लागला. त्यानंतर दीर्घकाळ तो बापाविषयी कडवट बोलला, आणि नंतर केव्हातरी त्याच बापाच्या छाटणीच्या हाताबद्दल, डोळा कुठे राखायचा हे त्यांना कसं न मोजता कळतं याबद्दल, अभिमानाने बोलू लागला. त्याचा हात नेमका कधी लिहू लागला ते मला सांगता येणार नाही. त्याने मला ते सांगितलंच नाही. एकदा फॉर्मवर सही करताना दिसला. इंजिनिअर तो झाला नाही.

काका गेले तेव्हा माझं शिक्षण चालू होतं. अस्थी रामकुंडावर नेल्या. आमच्या क्षेत्रोपाध्यायांनी जुनी वही काढली. पणजोबांपासूनची नावं त्यात. त्यांनी काकांचं नाव लिहिलं, मुलांची लिहिली, नातवंडांची लिहिली. मी शेजारी उभी होते. मला कुणी विचारलं नाही, मीही काही म्हटलं नाही. रडूही आलं नाही. लोक म्हणाले, किती धीराची.

त्यानंतर मी सेशनला उशिरा पोचू लागले, माझ्या नोंदी निकृष्ट आहेत असं बाईंना पुन्हा पुन्हा सांगू लागले, आपण या कामाला नालायक आहोत याची मला खात्री पटू लागली. बाईंनी फ्रॉइडचा १९१७ चा शोक आणि विषण्णता यांवरचा निबंध काढला नाही. तो मी वाचला होता, पाठ केल्यासारखा. गेलेल्या माणसावरचा जो राग कबूल करता येत नाही तो आपल्यावरच उलटतो, हे मी वर्गात इतरांना समजावून सांगितलं होतं. स्वतःच्या बाबतीत तो निबंध जणू कुणी लिहिलाच नव्हता. बाईंनी वहीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाल्या, "माझंही नाव लिहा, असं म्हणाला असतात तर?"

मी त्या दिवशी जे रडले ते काकांसाठी नव्हतं, निदान आधी नव्हतं. मला पुण्याला जाऊन गाणं शिकायचं होतं आणि कुणी विचारलं नाही, म्हणून होतं. नवे कपडे हवे होते म्हणून होतं. काका मला कधीच ओरडले नाहीत, स्वतःच्या मुलांना ओरडायचे, म्हणून होतं. आश्रिताला कुणी ओरडत नाही. पुष्कळ आठवडे हेच चाललं. बाईंनी ते माझ्या थेरपिस्टकडे न्यायला सांगितलं, मी नेलं. आणि हा राग बराचसा बोलून झाल्यावर, कधीच न आठवलेली एक गोष्ट वर आली. काकूंची बोटं संधिवाताने वळत नसत आणि आई सकाळीच कामाला बाहेर पडायची. तेव्हा रात्रपाळीवरून आलेले काका, शाईचा वास असलेल्या हातांनी, माझी वेणी घालायचे. सैल घालायचे. शाळेत पोचेपर्यंत सुटायची. मला ते फार आवडायचं. मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात कृतज्ञतेची मुळं बाळाला मिळालेल्या सुखात, ते चाखता येण्यात शोधली आहेत. मी काकांच्या फीच्या पावत्या आयुष्यभर जपल्या होत्या. सुख विसरले होते.

बाईंनी हे मला समजावून सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती, वहीत लिहून घेतलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

लॉकडाऊनमध्ये पंचवटी बंद झाली आणि आमचं काम फोनवर आलं. बाईंचं वय झालं होतं. गाड्या सुरू झाल्यावर त्यांनीच काम आवरतं घ्यायचं ठरवलं आणि आम्हाला पुष्कळ महिने आधी सांगितलं, म्हणजे आम्हाला रुसायला, रागवायला, नवा सुपरव्हायझर शोधायला वेळ मिळावा. मी सगळं केलं, रुसलेसुद्धा. शेवटच्या भेटीत मी त्यांना म्हटलं, की तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते कुठे फेडू हे मला कळत नाही. त्या म्हणाल्या, "फी तर देत होतात की." थोडं थांबून, "आणि मला छाटणी कुणी शिकवली?" म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी एकेरीत हाक मारली नाही, त्या दिवशीही नाही.

आता नाशिकमध्ये आम्ही काहीजण, शाळांतले समुपदेशक, एक-दोन परिचारिका, महिन्यातून एका रविवारी जमतो आणि केसेस वाचतो. वाचून झालं की मीही विचारते, मुलगी काय म्हणाली? एक तरुण समुपदेशक गेले काही रविवार माझ्यासाठी चिवडा आणते आहे. परवा मी दोन घास खाल्ले आणि मग विचारलं, की हे कशाच्या निमित्ताने. बाईंनी खायच्या आधी विचारलं असतं. ती आधी म्हणाली, "असंच, मॅडम." मी थांबले. मग म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही माझी केस मध्येच तोडलीत आणि स्वतःच बोलत राहिलात." खरं होतं. त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही त्यावरच घालवला, चिवडाही संपला, आणि तिची केस पुन्हा राहिली. ती आता पुढच्या रविवारी पहिली घ्यायची ठरली आहे.